बिअरचा परवाना आणि एकशिंगी घोडा

२०१६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये साध्या वेशातले सरकारी अधिकारी ‘डेडपूल’ बघायला गेले. थिएटरचं नाव ब्रूव्हीज. बिअर आणि सिनेमा एका छताखाली, म्हणून ‘ब्रू’ आणि ‘मूव्हीज’ यांची गाठ मारून केलेलं नाव. पुढे सरकारने जी तक्रार दाखल केली, तिच्यात सिनेमातल्या प्रणयप्रसंगांसोबत श्रेयनामावलीच्या वेळचा एक प्रसंगही नोंदवलेला आहे: नायकाचं कार्टून एकशिंगी घोड्यावर बसून त्याचं शिंग चोळतं आणि शिंगातून इंद्रधनुष्याची पिचकारी उडते. काही सेकंदांचा चावटपणा. नावं सरकायला लागली की निम्मे लोक चपला शोधायला लागतात. अधिकारी मात्र बसून होते, आणि घोड्याची नोंद सरकारी कागदावर झाली.

तो कागद पोलिसांच्या अश्लीलताविरोधी शाखेचा नव्हता, सेन्सॉर बोर्डाचाही नव्हता. अमेरिकेत सरकारी सेन्सॉर बोर्ड उरलेलंच नाही. कागद होता राज्याच्या मद्य खात्याचा. आरोप असा की ब्रूव्हीजने दारूच्या परवान्याची अट मोडली. शिक्षा पंचवीस हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय परवाना निलंबित किंवा कायमचा रद्द होण्याची टांगती तलवार.

हे प्रकरण सांगावंसं वाटलं ते ‘डेडपूल’मुळे नाही. कलेचा छोटा धंदा चालवणारे लोक परवान्याचा विचार करतात तेव्हा त्यांच्या डोक्यात फी, अंतर, वेळ आणि ना-हरकत दाखला एवढंच असतं. अटींच्या यादीत तळाला काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. ब्रूव्हीजचं सगळं रामायण त्या तळाच्या ओळींतून घडलं.

धंदा कसा होता

ब्रूव्हीज १९९७ मध्ये सुरू झालं. एकवीस वर्षांखालच्या माणसाला आत प्रवेश नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छोट्या थिएटरचं अर्थकारण बाहेरून दिसतं त्याच्या उलटं असतं. मोठ्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यांत तिकिटाच्या पैशातला निम्म्याहून मोठा वाटा वितरक घेऊन जातो. मालकाच्या हाती खरं उरतं ते खाण्यापिण्यातून. म्हणजे सिनेमा हे गिऱ्हाईक आत आणायचं निमित्त, आणि घर चालतं ते पेल्यावर. नाटकाची छोटी जागा असो, गाण्याची बैठक असो की चित्रांचं दालन, गणित थोड्याफार फरकाने हेच. परवाना गेला तर कलेचा भाग वाचेल आणि दारूचा तेवढा जाईल, असं होत नाही. दोन्ही जातात.

आणि जागा युटा राज्यातली. तिथल्या लोकजीवनावर मॉर्मन चर्चचा मोठा प्रभाव आहे आणि त्या पंथात मद्य वर्ज्य. कडक दारू राज्य सरकार स्वतःच्याच दुकानांतून विकतं. परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजून दिले जातात, त्यामुळे एकदा हातचा गेला तर दुसरा कधी मिळेल याचा भरवसा नाही. परवाना राज्याचं खातं देतं, पण त्याआधी शहराची किंवा काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) लेखी संमती लागते. शाळा, चर्च, सार्वजनिक ग्रंथालय, बाग, क्रीडांगण यांपासूनचं अंतर बघितलं जातं. त्या काळी ढोबळ नियम पायी रस्त्याने ६०० फूट आणि सरळ रेषेत २०० फूट असा होता. हॉटेलात दारू ओततानाचं दृश्य मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून मध्ये आडोसा बांधायची सक्तीही तिथे काही वर्षं होती. लोक चेष्टेने त्याला ‘झायन कर्टन’ म्हणायचे, झायन म्हणजे मॉर्मनांची पुण्यभूमी आणि कर्टन म्हणजे पडदा. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि आडोशाला इतर पर्याय मिळाले.

गंमत अशी की अमेरिकेतली देशव्यापी दारूबंदी ज्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली, तिला मान्यता देणारं छत्तिसावं राज्य हे युटाच. तारीख ५ डिसेंबर १९३३. त्या मताने आकडा पुरा झाला आणि देशभर बाटल्या उघडल्या. त्याच दुरुस्तीने दारूच्या नियमनाचा मोठा अधिकार राज्यांच्या हाती दिला. ब्रूव्हीजच्या भांडणाची मुळं तिथपर्यंत जातात.

कलम

युटाच्या मद्य कायद्यात एक प्रकरण आहे, पोशाख, वर्तन आणि करमणूक यांविषयीचं. नग्ननृत्याच्या बारना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं. परवानाधारक जागेत वेटरने काय घालावं, कुणी कुणाला कुठे हात लावू नये, नाचणारीने काय झाकावं. त्यातलंच एक पोटकलम चित्रांविषयी बोलतं. परवान्याच्या जागेत असा चित्रपट, असं छायाचित्र किंवा अन्य दृश्य दाखवायचं नाही, ज्यात संभोग वा संभोगाचा अभिनय आहे, ज्यात कुणाच्या स्तनाला, नितंबाला, जननेंद्रियाला स्पर्श होतो, ज्यात गुप्तांग उघडं दिसतं. यादीत फटके मारणंही आहे. शेवटी खास तरतूद: हे सगळं एखाद्या निर्जीव वस्तूने सुचवलं किंवा रेखाटनातून दाखवलं, तरी ते निषिद्धच.

रेखाटनातून. एकशिंगी घोडा सापडला तो इथे.

हे कलम सावकाश वाचलं की त्याचा पसारा कळतो. त्यात ‘अश्लील’ हा शब्द निकष म्हणून येतच नाही. अमेरिकेत एखादी कलाकृती कायद्याने अश्लील ठरायची तर १९७३ च्या मिलर खटल्यातली कसोटी लागते: ती समग्र बघायची, समाजाचे मापदंड लावायचे आणि तिला गंभीर कलात्मक, वाङ्मयीन, राजकीय किंवा शास्त्रीय मोल आहे का ते तपासायचं. युटाच्या पोटकलमात यातलं काही नाही. एका दृश्यात एक हात चुकीच्या जागी दिसला की संपलं. दोन तासांच्या सिनेमाचं बाकी काय, हा प्रश्नच गैरलागू. नग्नदेहाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवणारं, वाइनचा परवाना असलेलं दालनही शब्दशः याच कलमात बसतं. चित्रकलेच्या वर्गात मॉडेलचं रेखाटन भिंतीवर लावलं आणि शेजारी परवान्यावर पेले भरले, तर तेही.

आता एकवीस वर्षांचा मुद्दा. ‘डेडपूल’ला ‘आर’ प्रमाणपत्र होतं. म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसासोबत यायचं. बिअर न विकणाऱ्या कुठल्याही मल्टिप्लेक्समध्ये बारा वर्षांचा पोरगा बापाच्या शेजारी बसून तोच घोडा कायदेशीरपणे बघू शकत होता. आणि जिथे फक्त एकवीस वर्षांवरची माणसं येतात तिथे तो दाखवणं गुन्हा. मुलांना जपायचं हा हेतू असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे दोन प्रेक्षक शेजारी बसवून बघावेत.

२०११ चा दंड

मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा पंचवीस हजार नाही. तो आहे १,६२७ डॉलर.

२०११ मध्ये ब्रूव्हीजने ‘द हँगओव्हर पार्ट टू’ दाखवला तेव्हा याच कलमाखाली त्यांच्यावर कारवाई झाली होती. तेव्हा त्यांनी १,६२७ डॉलर भरले आणि विषय मिटवला. कुणीही शहाणा दुकानदार हेच करेल. वकील लावायचा तर पहिल्या महिन्यातच याच्या कितीतरी पट बिल येणार, सुनावण्यांना जायचं, आणि ज्या खात्याकडून दरवर्षी परवाना नव्याने घ्यायचा त्याच खात्याशी वैर पत्करायचं. नाकापेक्षा मोती जड.

पण दंड भरला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कलम न्यायालयासमोर जात नाही. ते घटनेत बसतं का हे कुणी तपासत नाही. दुसरी जास्त वाईट: तुमच्या फाइलवर ‘पहिला गुन्हा’ अशी नोंद बसते आणि पुढच्या वेळी त्याच कृत्याची किंमत वाढते. सोळाशेवरून पंचवीस हजारांपर्यंतची उडी अशीच पडते. स्वस्तात सुटलो असं वाटणं हाच सापळा. आपल्याकडे म्हण आहे, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. मोठ्या साखळीला दंडाचं ओझं जाणवतं तरी. छोट्याचा जीव हेलपाट्यातच जातो, म्हणून तो हेलपाटा टाळण्यासाठी मान तुकवतो. कलम जुनं का टिकलं याचं उत्तर मला तरी युटाच्या सोवळेपणापेक्षा यात जास्त सापडतं.

कारण कायद्याच्या बाजूने बघितलं तर ते कलम तेव्हाच डगमगत होतं. त्याची शब्दरचना कॅलिफोर्नियाच्या एका जुन्या नियमावलीशी जवळजवळ जुळते. ती नियमावली १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती, कॅलिफोर्निया विरुद्ध लारू. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि नियम वाचवले. आधार कसला, तर एकविसावी घटनादुरुस्ती: दारूच्या नियमनात राज्याला जादा मोकळीक आहे, म्हणून दारूच्या जागेत काय दाखवावं यावरही ते बंधन घालू शकतं. पुढची चोवीस वर्षं राज्यांनी या निकालाचा खुंटा धरला. मग १९९६ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या दारूच्या दुकानाचा खटला आला, ४४ लिकरमार्ट. वाद दारूच्या किमतीची जाहिरात करू द्यायची की नाही एवढाच. पण सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता लारूचा तो आधार काढून घेतला: एकविसाव्या दुरुस्तीमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती पातळ होत नाही. लारू निकाल पूर्ण रद्द केला नाही, पण त्याचा मधला खांब गेला.

तो १९९६ मध्ये गेला. ब्रूव्हीजने दंड भरला २०११ मध्ये. मधली पंधरा वर्षं कलम तसंच उभं.

या वेळी का लढले

आकडा बदलला, हे पहिलं कारण. परवानाच जाऊ शकतो म्हटल्यावर ‘भरून टाका’ हा पर्याय पर्याय राहत नाही.

दुसरं कारण वकील. रॉकी अँडरसन हे २००० ते २००८ या काळात सॉल्ट लेक सिटीचे महापौर होते आणि पेशाने वकील. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ब्रूव्हीजच्या वतीने थेट फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात दावा ठोकला. खात्याच्या सुनावणीत ‘आम्ही नियम मोडला नाही’ असं सांगत बसण्यापेक्षा ‘नियमच घटनाबाह्य आहे’ हा पवित्रा. माझ्या मते खेळी इथेच जिंकली गेली. खात्यापुढे वाद घोड्यावर झाला असता: शिंग चोळणं म्हणजे नक्की काय, कार्टून हे रेखाटन की नाही. हसं झालं असतं आणि दंडही झाला असता, कारण कलमाच्या शब्दांत दृश्य बसत होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

तिसरी गोष्ट नशिबाची. सिनेमा तुफान चालला होता. नायक रायन रेनॉल्ड्सने खटल्यासाठी उघडलेल्या वर्गणीत पाच हजार डॉलर टाकले, आणि बातमी जगभर गेली. एखाद्या अनोळखी युरोपीय दिग्दर्शकाच्या सिनेमावर ही कारवाई झाली असती तर? अशा सिनेमांत नग्नता जास्त गंभीरपणे येते, म्हणजे कलेच्या बाजूने केस उलट भक्कम. पण वर्गणीला कुणी आलं नसतं.

आणि चौथं, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. अमेरिकेत १९७६ पासून असा कायदा आहे की सरकारने नागरी हक्क मोडल्याचं सिद्ध झालं तर जिंकणाऱ्याचा वकिलीचा खर्च न्यायालय सरकारला भरायला लावू शकतं. छोट्या माणसाचा घटनात्मक खटला घ्यायला वकील तयार होतो तो बऱ्याचदा या तरतुदीच्या भरवशावर. ही नसती तर ब्रूव्हीजची तत्त्वनिष्ठा किती महिने टिकली असती, मला शंका आहे.

निकाल

३१ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायाधीश डेव्हिड नफर यांनी निकाल दिला. चित्रांविषयीचं ते पोटकलम घटनाबाह्य.

तर्क असा. हे बंधन आशय बघून घातलेलं आहे. सिनेमात काय दिसतं त्यावर शिक्षा ठरते. सिनेमाला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे हे अमेरिकेत १९५२ पासून ठरलेलं. म्हणून सगळ्यांत कडक कसोटी लागते: राज्याचा हेतू अत्यंत महत्त्वाचा हवा, आणि तो साधायला यापेक्षा कमी जाचक उपाय नसावा. राज्याचं म्हणणं होतं की दारू आणि लैंगिक दृश्यं एकत्र आली की त्याचे दुष्परिणाम होतात, भांडणं, गैरवर्तन वगैरे. नग्ननृत्याच्या बारबद्दल हा युक्तिवाद न्यायालयांनी पूर्वी ऐकून घेतलेला आहे. पण खुर्चीत बसून ‘डेडपूल’ बघणाऱ्या, हातात बिअर धरलेल्या माणसाला तो चिकटेना. हेतू मान्य केला तरी उपाय गरजेपेक्षा कितीतरी रुंद होता. मुख्य प्रवाहातल्या थिएटरवर ‘आर’ सिनेमा दाखवला म्हणून कारवाई करून राज्याने पहिली घटनादुरुस्ती मोडली, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. पुढे खर्चापोटी राज्याला काही लाख डॉलर मोजावे लागले. सोळाशे डॉलरच्या दंडापासून सुरू झालेलं प्रकरण असं करदात्यांच्या खिशातून संपलं.

शेजारच्या आयडाहो राज्याने हेच किती कमी किमतीत केलं ते बघा. तिथे मेरिडियन शहरातल्या एका थिएटरने ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ दाखवला म्हणून पोलिसांनी अशाच कलमाखाली त्याच्या मद्य परवान्यावर बोट ठेवलं. २०१६ च्या जानेवारीत थिएटरने राज्याविरुद्ध खटला दाखल केला, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कलम दुरुस्त करून वाद संपवला. युटाच्या आमदारांना हे दिसत नव्हतं असं म्हणवत नाही. पण ‘बारमध्ये गलिच्छ सिनेमे दाखवू द्या’ या ठरावावर हात वर करायला निवडणूक लढवणारा माणूस तिथे चटकन तयार होणार नाही. न्यायाधीशाने केलं तर बरं, आपण सोवळे.

परवान्याकडे बघायची नजर

यावर एक आक्षेप नेहमी येतो. तुम्ही स्वतःहून परवाना मागितला, अटी वाचून सही केली, मग तक्रार कसली? बिअर विकू नका, हवा तो सिनेमा दाखवा. ऐकायला बिनतोड आहे. पण परवाना ही सरकारच्या हातातली गोष्ट आहे, आणि ती देताना सरकारने जो हक्क थेट काढून घेता येत नाही तो अटीच्या आडून काढून घेऊ नये, हे तत्त्व अमेरिकन कायद्यात पक्कं आहे. पेला आणि पडदा यांचा संबंध जितका दूरचा, तितकी अट संशयास्पद. गर्दी किती, दरवाजे किती, किती वाजता बंद, वय तपासलं का, नशेत असलेल्याला आणखी दिली का: या अटींचा संबंध दारूशी आहे. त्यांच्याबद्दल कुरकुर करणाऱ्या कलावंतांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. भिंतीवर कोणतं चित्र लावलंय ही अट वेगळ्या जातीची.

अधिकाऱ्यांना खलनायक करण्यातही अर्थ नाही. कायद्यात कलम आहे, कुणी तक्रार केली तर त्यांना जावंच लागणार. रात्री सिनेमा बघून दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने ‘शिंगातून इंद्रधनुष्य’ असा अहवाल टाइप करणाऱ्या माणसाची मला दयाच येते.

निकालाने जे गेलं ते तेवढं पोटकलम. पोशाख आणि वर्तनाच्या त्याच प्रकरणातली बाकीची कलमं तशीच राहिली. शहराची लेखी संमती, शाळा-चर्चपासूनचं अंतर, लोकसंख्येनुसार मोजून दिलेले परवाने, हेही तसंच. २०२२ मध्ये मद्य खात्याचं नाव बदललं. ‘नियंत्रण’ जाऊन ‘सेवा’ आली. दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मात्र पूर्वीसारखाच भरायचा असतो, अटींच्या त्या लांबलचक यादीसकट.